जूनमध्ये परत आलेली पुस्तकं

«ताई, नमस्कार. मी ठाण्यात वसंत विहारला राहते, नोकरी ऐरोलीत. दर मे महिन्यात आम्ही १० दिवस सासरच्या गावी जातो. गाव मालगुंडजवळ, रत्नागिरीला उतरून पुढे. जाताना दर वेळी पुस्तकं नेते आणि दर वेळी न वाचता परत आणते. गेल्या वर्षी पाच नेली होती, वेळेचं नियोजन कसं करावं, यशस्वी कसं व्हावं अशी. त्यातल्या एकाची चाळीस पानं झाली. या वर्षी वेगवेगळ्या प्रकारची न्यायची ठरवली आहेत. सगळे विषय येतील अशी दहा पुस्तकांची यादी द्याल का? घरात आम्ही चौघं. नवरा वर्तमानपत्राचं खेळाचं पान सोडून काही वाचत नाही. मुलगा १३ वर्षांचा. त्यानं बघून तरी वाचावं म्हणून मी मुद्दाम त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बसते, पण तो मोबाइलमधून मान वर करत नाही. सासूबाई ७५ च्या. पूर्वी खूप वाचायच्या, आता डोळे लवकर दुखतात म्हणून वाचन सोडलंय. — एक वाचक, ठाणे»

प्रिय ताई,

यादी देते, पण दहांची देत नाही. त्याचं कारण आधी सांगते.

हे सदर लिहायला लागण्याआधी मी बावीस वर्षं वाशीतल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर होते. आमच्याकडे सगळ्यात मोठी रांग लागायची ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. शाळा सुरू व्हायच्या बेताला लोक गावाहून परतायचे आणि पुस्तकं बदलायला यायचे. परत आलेलं पुस्तक कपाटात लावायच्या आधी चाळून घ्यायचं असा आमचा नियम होता, कारण आत काहीही सापडायचं. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, सोनचाफ्याची वाळलेली पाकळी. फणसाच्या चिकानं दोन पानं एकमेकांना चिकटलेली असायची. आणि रेल्वेची तिकिटं तर हमखास. तिकीट खुणेसाठी ठेवलेलं असायचं. ते कितव्या पानाशी आहे हे बघायची मला सवयच लागली होती. सहाशे पानांच्या कादंबरीत ते तिसाव्या-चाळिसाव्या पानाशी असायचं. वाचणारा तिथे थांबला होता. पातळ पुस्तकांत तिकीट नसायचं, पण पानापानांत वाळू असायची, अगदी शेवटच्या पानापर्यंत. आणि थोडी पुस्तकं अशी होती की ती मुदत उलटल्यावर दंड भरून परत यायची, कारण घरातल्या तिघा-चौघांनी ती एकापाठोपाठ वाचलेली असायची. दंड भरताना ती माणसं जराही कुरकुर करायची नाहीत.

सुट्टीची पुस्तकं निवडताना बहुतेक जण विषय बघायचे. एक ऐतिहासिक, एक विनोदी, एक चरित्र, एक प्रवासवर्णन. विषय चार, पण ती चारही पुस्तकं वाचायची रीत एकच: एकट्यानं, शांत जागी, सलग दोन-तीन तास. गावच्या घरात असा वेळ किती मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा विविधता हवी ती वाचण्याच्या रीतींमध्ये. एखादं हलत्या गाडीत तुकड्यातुकड्यानं वाचायचं, एखादं एका दुपारी संपवायचं, एखादं रोज पानभरच, एखादं मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून. विषय आपोआप वेगळे होतात, त्याची काळजी करावी लागत नाही.

आता वेळेचा हिशेब. दहा दिवसांतले दोन प्रवासात गेले. उरलेल्या आठांत आंबे, पाहुणे, देवळातलं काही कार्य, एखाददुसरं लग्न. मे महिन्यात ते टळत नाही. रोज दीड-दोन तास मिळाले तरी पुष्कळ. साधं मराठी गद्य मी तासाला पंचवीस-तीस पानं वाचते, तुम्हीही तेवढंच वाचत असाल. म्हणजे सगळी मिळून तीनशे ते साडेचारशे पानं. त्यात दहा पुस्तकं कशी बसणार? गेल्या वर्षी तुमचं वाचन कमी पडलं असं मला वाटत नाही. पिशवी चुकीची भरली होती, एवढंच. आणि वर्षभर ऑफिसात वेळेचं नियोजन केल्यावर सुट्टीत पुन्हा त्यावरच पुस्तक वाचायला मन घेत नाही. ती पाचही या वेळी ठाण्यातच राहू द्या.

गाडीपासून सुरुवात करू. तुम्ही मांडवीनं जात असाल तर ठाणे ते रत्नागिरी पाच-सहा तास लागतात, आणि त्या गाडीत दर दहा मिनिटांनी कुणीतरी काहीतरी खायला घेऊन येतं. अशा ठिकाणी कादंबरीचा धागा राहत नाही. तिथे गेल्या दिवाळीचा एक दिवाळी अंक न्या. हसू नका. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाकडे वेगवेगळ्या वाचनाची ही तयार पुडी आहे. त्यात कथा असते, कविता असते, एखादा लांबलचक लेख असतो, व्यंगचित्रं असतात, आणि ज्याचं पुस्तक तुम्ही एरवी कधी विकत घेतलं नसतं अशा लेखकाशी गाठ पडते. तुमच्या घरी न उघडलेले दोन-तीन अंक नक्की असतील. मे महिन्यात बहुतेक घरांत असतात. पेण येईपर्यंत एक कथा होईल, चिपळूण येईपर्यंत एक लेख. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब. तिथे अंक मिटून मुलाशी बोला, बोगदा किती मिनिटांत संपतो ते त्याला मोजू द्या. तिकडून परत येताना तोच अंक नवऱ्याकडे द्या. त्यांना नको ते ते सोडून देतील. दिवाळी अंकाला ते चालतं, आणि न वाचणाऱ्या माणसाची सुरुवात अशा सोडत सोडत वाचण्यातूनच होते.

पेणचं नाव आलंच आहे तर माझं सगळ्यात लाडकं पुस्तक इथेच सांगते. पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज झालेलं. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळल्यावर १८५७ च्या सुरुवातीला ते चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. आणि सापडले ते थेट बंडाच्या मध्यात. झांशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. मिळवलेलं धन वाटेत लुटलं गेलं. पण आईवडिलांना गंगेचं स्नान घालायचं म्हणून त्यांनी गंगाजळाची कावड खांद्यावरून कोकणापर्यंत आणली. हे सगळं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावानं प्रसिद्ध केलं. ज्या इतिहासाच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ केल्या, तो इतिहास इथे एक भिक्षुक माणूस सांगतो. त्याला भूक लागते, भीती वाटते, चांगलं जेवण मिळालं की ते लक्षात राहतं. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जरा थांबत थांबत वाचावी लागतील. मग कान सरावतो. हे पुस्तक रोज थोडं, सकाळी, चहाबरोबर वाचायचं. गावचं घर लवकर उठतं, पण कामाला लागायच्या आधी ओटीवर पंधरा-वीस मिनिटं शांततेची असतात, ती या पुस्तकासाठी ठेवा. दहा दिवसांत संपलं नाही तरी बिघडत नाही. उरलेलं ठाणे-ऐरोली गाडीत होईल. (तुमच्या त्या गाडीत उभं राहायला जागा मिळते का ते मला माहीत आहे, तरी म्हणते.)

दुपारसाठी मात्र पातळच हवं. जेवण झाल्यावर, सगळे आडवे झाल्यावर, खिडकीतून झळा येत असताना जे दोन-तीन तास मिळतात, त्यात एक छोटी कादंबरी बसते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. १९३९ ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट, डोक्यावर महायुद्धाचं सावट, बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू मुलगी. शंभर-सव्वाशे पानांत सगळं घडतं. कथा सांगत नाही. मात्र एका बैठकीत वाचा, दोन दिवसांवर टाकू नका. बोटीवरचे दिवस भराभर संपत चालले आहेत ही हुरहुर तुकड्यांत वाचल्यावर उरत नाही. वाचून झाल्यावर लगेच दुसरं काही उघडावंसं वाटणार नाही. त्या संध्याकाळी समुद्रावर जा.

दुसरं पातळ पुस्तक तुमच्या यजमानांसाठी. खेळाचं पान वाचणारा माणूस वाचक नाही असं मी मानत नाही. तो रोज, न चुकता, मनापासून वाचतो. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली आहे. तो म्हातारा स्वतः खेळाच्या बातम्यांचा भक्त आहे. बेसबॉलच्या सामन्यात काय झालं हे तो जुन्या पेपरात वाचतो, आणि भर समुद्रात, हाताला दोर कापत असतानाही, आपला आवडता खेळाडू डिमॅजिओ अशा वेळी कसा टिकला असता याचा विचार करतो. तुमच्या गावाला समुद्र आहे, सकाळी होड्या परत येताना दिसतात, मासळीचा लिलाव कुठेतरी जवळ होत असेल. यजमानांना पुस्तकाबद्दल काही सांगू नका. एवढंच सांगा, की यातला म्हातारा तुमच्यासारखा आधी खेळाची बातमी बघतो. आणि पुस्तक ओटीवर ठेवून द्या.

आता जरा अवघड पुस्तक. ते नेलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. त्या रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या, म्हणजे तुमच्या सासरच्या तालुक्यातल्याच. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं, असा विणकामाचा जिन्नस. वडील गेल्यावर त्यांच्या आईनं ते विणून मुलांना वाढवलं, आणि आपलं लिहिणं हे तिच्या विणीशी नातं सांगतं असं लेखिका म्हणतात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच गावच्या बायका डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन डोंगराची अवघड वाट उतरतात आणि चढतात, रत्नागिरीच्या बाजारात ते विकायला. आपण ठाण्या-मुंबईचे लोक कोकणात जातो तेव्हा आंबा, काजू, समुद्र, कौलारू घर बघतो आणि ‘गाव’ बघितलं असं म्हणतो. त्याच गावात दुसरी एक वस्ती असते. तिची विहीर वेगळी होती, देवळात तिनं कुठपर्यंत यायचं हे ठरलेलं होतं. सासरचं गाव म्हणून तुम्ही जे ओळखता त्याचा हा अर्धा भाग कुणी तुम्हाला ओटीवर बसवून सांगणार नाही. पुस्तक ते सांगतं, आणि रडगाणं न गाता, पुष्कळदा हसत सांगतं. सुट्टीत जड वाचायला नको असं मला कितीतरी वाचकांनी टेबलापाशी सांगितलं आहे. मी त्यांच्याशी कधी सहमत झाले नाही. एरवी आपण दमलेले असतो, अशी पुस्तकं उद्यावर ढकलतो. सुट्टीतच मन त्यांना पुरेसं मोकळं असतं. ‘आयदान’ गावात असतानाच वाचा. मग त्या रस्त्यानं बाजारात जाताना तुम्हाला तो रस्ता निराळा दिसेल.

कवितेचं एक पुस्तक पिशवीत राहू द्या. ते कुठलं असावं हे तुमच्या गावानंच ठरवलंय. केशवसुत मालगुंडचे. १८६६ चा जन्म, १९०५ मध्ये वयाच्या चाळिशीच्या आत गेले, मागे उरल्या त्या सुमारे १३५ कविता. मालगुंडला त्यांच्या घराचं स्मारक केलेलं आहे. तुम्ही इतकी वर्षं जाता, तर पाहिलं असेलच. नसेल तर या वेळी मुलाला घेऊन जा. जायच्या आदल्या रात्री एक कविता वाचा, आल्यावर आणखी एक. ‘तुतारी’ शाळेत म्हटलेली असेल, तरी घोषणेसारखी न म्हणता सावकाश वाचून बघा. ती १८९३ सालची आहे. त्याच साली वि. ल. भाव्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं. ज्या वर्षी मालगुंडचा कवी जुनं जाळून टाका म्हणत होता, त्याच वर्षी ठाण्यातला एक माणूस जुन्या-नव्या मराठी पुस्तकांना एक घर मिळवून देत होता. मला ही जोडी फार आवडते. कवितेचं पुस्तक पूर्ण वाचायचं नसतं, त्यामुळे त्याची पानं मी तुमच्या साडेचारशेत धरलेली नाहीत.

आता पत्रातल्या त्या दोन ओळींकडे येते. त्या वाचून मी बराच वेळ थांबले होते. मुलासमोर मुद्दाम पुस्तक घेऊन बसता असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तुमचं लक्ष पुस्तकात नसतं, ताई, त्याच्यावर असतं. आणि तेरा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं. तुम्ही पुस्तकाकडे बघत आहात आणि वाट त्याची बघत आहात, हे त्याला दिसतं. हे थांबवा. वाचाल तेव्हा त्याला विसरून वाचा, स्वयंपाकघरातून हाक आली तरी ‘एवढं पान होऊ दे’ म्हणा. तुमच्या तोंडून ते वाक्य खरं खरं आलेलं त्यानं ऐकणं, समोर बसून दाखवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

त्याच्यासाठी पुस्तक तुम्ही निवडूही नका. देवघेवीच्या टेबलावरून मी हे हजार वेळा बघितलं. आई कपाटातून पुस्तकं काढायची, चाळायची, ‘हे चांगलं आहे’ म्हणायची, आणि मुलगा दाराशी उभा राहून बाहेरच्या रिक्षा मोजायचा. ती पुस्तकं आठवड्यानं जशीच्या तशी यायची. ज्या मुलांना एकट्यानं आत सोडलं जायचं, ती भुताची घ्यायची, क्रिकेटची घ्यायची, मुखपृष्ठावर साप आहे म्हणून घ्यायची. त्यातली निम्मी पुन्हा यायची. नारायण धारपांच्या भयकथांनी मी जितकी मुलं वाचती झालेली बघितली तितकी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकांनी नाही. तुम्हाला त्या आवडत नसतील, मलाही सगळ्या आवडत नाहीत. तरी त्यानं उचलल्या तर नाक मुरडू नका. विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह कपाटात त्याच्या हाताला लागेल असा असू द्या, एवढं चालेल. दोन पुस्तकं त्याची, त्यानं निवडलेली, त्यानं स्वतः वाहून न्यायची. वाचली नाहीत तर विचारायचं नाही. गावात नेटवर्क जेमतेम असतं, दुपारी बाहेर ऊन असतं आणि घरातले सगळे झोपलेले असतात. त्या कंटाळ्यात तुम्ही मध्ये पडू नका. त्याला तो पुरता येऊ द्या.

आणि सासूबाई. आधी त्यांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा, गावी जायच्या आत. या वयात पुष्कळदा चष्म्याचा नंबर बदललेला असतो किंवा मोतीबिंदू वाढलेला असतो आणि माणूस ‘आता वय झालं’ म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. आमच्या वाचनालयात असे आजोबा होते. दोन वर्षं आले नाहीत. शस्त्रक्रिया झाल्यावर आले आणि पहिल्या दिवशी नुसते पाठीवरची नावं वाचत कपाटांमधून फिरले. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, या सुट्टीत सासूबाईंसाठी दोन गोष्टी करता येतील. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात, ती ठाण्यातूनच मोबाइलमध्ये उतरवून न्या. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: त्यांना वाचून दाखवा.

यासाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ न्या. हे इंदिरा संतांचे चिरंजीव. त्यांचा लंपन हा आईवडिलांपासून दूर, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. त्याची कानडी हेल असलेली मराठी, त्याचं ते ‘मॅड’, आणि कुठल्याही गोष्टीला लावलेले भलतेसलते आकडे, हे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकायला जास्त मजा आहे. एक गोष्ट एका रात्रीत होते. जेवणं झाली, मागचं आवरलं, की पडवीत चटई टाकून सासूबाईंना वाचून दाखवा. मुलाला बोलवू नका. तो आसपास असेल, मोबाइल बघत असेल, असू द्या. नातू आणि आजी यांची गोष्ट त्याच्या आजीला कुणीतरी वाचून दाखवतंय, आणि आजी हसते आहे, हे त्याच्या कानावर पडत राहील. तिसऱ्या-चौथ्या रात्री लंपनचं बोलणं तुम्ही नीट म्हणत नाही अशी तक्रार तो करेल अशी मला आशा आहे. तेव्हा पुस्तक त्याच्या हातात द्या.

एका रात्रीसाठी नाटक. मे महिन्यात गावाकडे वीज जातेच, आणि बॅटरीच्या उजेडात घरानं मिळून करायचं याहून चांगलं काम मला माहीत नाही. आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ घ्या. मूळ इंग्रजी प्रहसनावरून केलेलं आहे, पण अस्सल मराठी होऊन आलेलं. पात्रं वाटून घ्या, मावशी मुलाला द्या. नवऱ्यालाही एक भूमिका द्या, नाही म्हणाले तर दाराशी बसून पात्रांच्या येण्याजाण्याच्या सूचना वाचायला सांगा. त्यांच्याशिवाय प्रयोग अडतो. विजय चव्हाणांनी रंगवलेली मावशी सासूबाईंनी कदाचित गडकरी रंगायतनात पाहिली असेल. पाहिली असेल तर दिग्दर्शन त्यांच्याकडे. सगळं नाटक वाचायची गरज नाही, एक अंक झाला तरी रात्र भरते. शेजारची मुलं येतील, त्यांना बसवून घ्या.

तर पिशवी अशी झाली: ‘माझा प्रवास’, ‘रणांगण’, ‘एका कोळियाने’, ‘आयदान’, केशवसुत, ‘वनवास’, एक नाटकाची पातळ प्रत आणि जुना दिवाळी अंक. मोजायला आठ दिसतात. पण तुम्ही एकट्यानं सलग वाचायची त्यात दोनच आहेत, ‘रणांगण’ आणि ‘आयदान’. बाकीची घरानं मिळून, तुकड्यांनी, किंवा दुसऱ्या कुणी वाचायची आहेत. यातलं एखादं मिळालं नाही तर त्याच रीतीचं दुसरं घ्या. दुपारसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तितकीच योग्य. तीही लहान आहे, आणि समुद्राकाठी बसून माणदेशातला दुष्काळ वाचणं हा एक वेगळाच अनुभव आहे. तेवढी एक जागा मात्र रिकामी ठेवा. गावच्या माळ्यावर एखादी ट्रंक असेल, तीत सासऱ्यांच्या वेळची पुस्तकं असतील. किंवा एक दिवस रत्नागिरीला जाणं होईल. तिथलं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, नुसतं आत जाऊन पाहिलंत तरी चालेल.

थोडं व्यवहाराचं. वाचनालयाच्या वर्गणीवर एका वेळी किती पुस्तकं मिळतात हे वर्गावर ठरतं, तेव्हा चौघांच्या मिळून नेता येतील का ते टेबलावर विचारा. गावी जातोय, मुदत वाढवून द्या, असं निघायच्या आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. मी तरी ऐकायची. वाचनालयाच्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घाला आणि ती समुद्रावर नेऊ नका. खारी हवा बांधणीला चांगली नसते. ‘एका कोळियाने’ आणि ‘वनवास’ या विकत घ्या, त्या घरात राहण्यासारख्या आहेत आणि त्यांना वाळू लागली, आंब्याचा रस लागला तरी चालेल.

मेच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयात गर्दी होते आणि पातळ पुस्तकं सगळ्यात आधी संपतात, म्हणून एप्रिल संपायच्या आत जा. जाताना मुलाला न्या, पिशवी त्याच्या खांद्यावर द्या. आणि निघण्याआधी सासूबाईंना विचारा, डोळे दुखायला लागले तेव्हा कुठलं पुस्तक अर्धं राहिलं होतं. त्यांना ते नक्की आठवत असेल. आधी ते शोधा, मग माझी यादी काढा.